चौदा वर्षांचे काम आणि परत न आलेली उत्तरे

वाचकाचे पत्र, थोडक्यात : ‘मी अंतराळयानांच्या औष्णिक रचनेचे, म्हणजे यानाचे तापमान मर्यादेत ठेवण्याचे, काम करणारी अभियंता आहे. वय ३८, अनुभव १४ वर्षे. पहिली सात वर्षे मी एका ग्रहमोहिमेवर होते. तिच्या सविस्तर रचनेचा आढावा पार पडला, काही भागांची जुळणीही सुरू झाली आणि मग निधी थांबल्याने ती रद्द झाली. पुढे पृथ्वीनिरीक्षण करणाऱ्या एका उपग्रहावर काम केले. त्याला कक्षेत जाऊन चार वर्षे झाली. तो उत्तम चालू आहे असे ऐकते, पण प्रक्षेपणानंतर त्याच्याशी माझा संबंध उरला नाही. आता माझ्यापुढे तीन प्रस्ताव आहेत : सध्याच्याच संस्थेत व्यवस्थापकपद, दर काही महिन्यांनी छोटे उपग्रह सोडणाऱ्या एका नव्या खासगी कंपनीत तांत्रिक पद, आणि बाह्य ग्रहाकडे जाणाऱ्या एका मोहिमेवर काम, जिचे यान मुक्कामी पोहोचेल तेव्हा मी ५५ वर्षांची असेन. माझ्या बरोबरीचे लोक इतर क्षेत्रांत गेले. त्यांना आपल्या कामावर बोट ठेवता येते. मला मात्र १४ वर्षांत हाती काय लागले हे सांगता येत नाही. या क्षेत्रात तीस-पस्तीस वर्षे काढणे शहाणपणाचे आहे का, आणि असल्यास यांपैकी कोणता रस्ता धरावा?’

तीन प्रस्तावांविषयी तुम्ही विचारले आहे, परंतु तुमच्या अस्वस्थतेचे मूळ मला त्यांच्या आधीच्या एका शब्दात दिसते. उपग्रह उत्तम चालू आहे असे तुम्ही ‘ऐकता’. त्याच्या रेडिएटरचे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागाचे, क्षेत्रफळ तुम्ही ठरवले असेल, बॅटरीचे हीटर किती वॉटचे असावेत हेही ठरवले असेल. पृथ्वीनिरीक्षणाचा उपग्रह दिवसातून सुमारे पंधरा प्रदक्षिणा घालतो आणि बहुतेक कक्षांमध्ये जवळजवळ दर प्रदक्षिणेत एकदा सावलीत शिरून पुन्हा उन्हात येतो. तुमच्या उपग्रहाची कक्षा तशी असेल, तर चार वर्षांत तुमच्या गणिताची वीस हजारांच्या आसपास वेळा परीक्षा झाली आहे. त्या परीक्षेचा निकाल मात्र तुमच्यापर्यंत आलेला नाही.

आपल्या व्यवसायाची ही जुनी अडचण आहे. निर्णय आज घ्यावा लागतो, तो बरोबर होता की चूक हे पाच, दहा, कधी वीस वर्षांनी कळते, आणि कळते तेव्हा निर्णय घेणारा माणूस बहुधा दुसऱ्याच कामावर असतो. मी स्वतः यानांच्या औष्णिक आणि इंधनप्रणालीच्या कामात ३४ वर्षे घालवली, आणि आज मागे पाहताना वाटते की माझे शिक्षण झाले ते नेमके त्या वेळी, जेव्हा माझा एखादा जुना निर्णय परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि तेव्हा मी जागेवर होतो. तुमची १४ वर्षे वाया गेलेली नाहीत. तुम्ही निर्णय पुष्कळ घेतले आहेत, पण त्यांची उत्तरे तुम्हाला भेटलेली नाहीत. म्हणून तिन्ही प्रस्तावांना मी एकच प्रश्न विचारणार आहे : तुमच्या निर्णयाचे उत्तर परत येईल तेव्हा तुम्ही तिथे असाल का?

त्याआधी रद्द झालेल्या मोहिमेबद्दल लिहितो, कारण तिचा सल तुमच्या पत्रात सर्वत्र जाणवतो. या क्षेत्रात दीर्घकाळ राहिलेला आणि अशी एखादी मोहीम वाट्याला न आलेला अभियंता मला फारसा भेटलेला नाही. अपोलो कार्यक्रम ऐन भरात असताना त्यावर सुमारे चार लाख माणसे काम करत होती, आणि माणसाचे पाऊल चंद्रावर पडल्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच, १९७० साली, शेवटच्या तीन चांद्रमोहिमा रद्द झाल्या. मोहीम रद्द होणे हा तिच्यावर राबलेल्या अभियंत्यांच्या कामावरचा शेरा नसतो, हे त्यावरून तुम्हाला पटावे.

रद्द झालेल्या कामाचे पुढे काय होते, हे मात्र ते कुणी आणि कसे जपले यावर ठरते. ३ डिसेंबर १९९९ रोजी मार्स पोलर लँडर हे यान मंगळावर उतरताना हरपले. त्याच धाटणीचे दुसरे यान २००१ च्या मोहिमेसाठी तयार होत होते. या अपघातानंतर २००० मध्ये त्याचे उतरणे रद्द करण्यात आले. ते यान मोडीत काढले नाही, क्लीनरूममध्ये बंद करून ठेवले. २००३ मध्ये फिनिक्स मोहिमेची निवड झाली ती याच यानाच्या आधारावर, आणि उड्डाणापर्यंतच्या चार वर्षांत तिच्या चमूचा मोठा वेळ जुन्या रचनेतले दडलेले दोष चाचण्या करकरून शोधण्यात गेला. २५ मे २००८ रोजी फिनिक्स मंगळाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात उतरले आणि तिथल्या मातीखाली असलेले पाण्याचे बर्फ त्याने उघडे करून दाखवले. त्याच रचनेवर बेतलेले इनसाइट २६ नोव्हेंबर २०१८ रोजी मंगळावर उतरले. ज्यांनी २००० साली जड मनाने ते यान झाकून ठेवले, त्यांच्या कामाला पहिले उत्तर मिळायला आठ वर्षे आणि दुसरे मिळायला अठरा वर्षे लागली.

तुमच्या सात वर्षांचेही असेच होईल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. परंतु एक गोष्ट तुम्हाला आजही करता येईल. त्या मोहिमेचा तुमचा औष्णिक अहवाल संस्थेच्या दप्तरात कुठे आहे ते शोधा, तो वाचा आणि स्वतःला विचारा की हा अहवाल दहा वर्षांनी एखाद्या अनोळखी अभियंत्याच्या हाती पडला, तर त्याला केवळ आकडे मिळतील की आकड्यांमागची कारणेही मिळतील. कारणे नसतील तर परवानगी घेऊन पुरवणी टिपण जोडा. कोणता पर्याय तपासून सोडून दिला आणि का सोडला, कोणत्या आकड्यावर तुमचा स्वतःचा विश्वास कमी होता, कोणत्या चाचणीची उणीव भासली, हे सारे त्यात यावे. हे काम कुणी तुम्हाला सांगणार नाही, त्याचे श्रेयही कुणी देणार नाही, आणि तरीही मी ते आग्रहाने सुचवतो, कारण ते न केल्याची शिक्षा मी भोगली आहे.

माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी एका उपग्रहाच्या इंधननलिकेवरील हीटर आणि थर्मोस्टॅट कुठे बसवायचे हे मी ठरवले. नलिकेत हायड्रॅझीन हे इंधन होते. ते सुमारे २ अंश सेल्सिअसला गोठते, आणि गोठताना आक्रसत असल्यामुळे खरा धोका गोठण्यात नसून पुन्हा वितळण्यात असतो. नलिकेच्या मधल्याच भागातले इंधन आधी वितळून फुगले आणि दोन्ही बाजूंना अजून गोठलेले बूच असले, तर नलिका फुटते. या सगळ्याचा विचार करून मी एका थर्मोस्टॅटची जागा नेहमीपेक्षा काही सेंटिमीटर बाजूला घेतली, आराखड्यावर सही केली आणि दुसऱ्या कामाला लागलो. आठ वर्षांनी उपग्रहाच्या सौरपंखांची वीज घटली, तेव्हा संचालन विभागाने मला विचारले की त्या भागातला एक हीटर बंद केला तर चालेल का. आराखडा समोर होता, सही माझीच होती, पण थर्मोस्टॅट तिथेच का बसवला हे मला काही केल्या आठवेना. सगळे गणित नव्याने मांडायला तीन दिवस लागले, आणि तेवढे दिवस वीज वाचवण्यासाठी उपग्रहावरचे एक चांगले चालू असलेले उपकरण बंद ठेवावे लागले. नलिकेला धरणारा एक धातूचा आधार तिथली उष्णता ओढून घेत होता, एवढेच ते कारण होते. एका ओळीत मावले असते. त्या दिवसापासून सहीच्या वर कारण लिहिल्याशिवाय मी एकाही आराखड्यावर सही केली नाही.

हा धडा माझ्या एकट्याचा नाही. अपोलोच्या चांद्रमोहिमांना नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-१ इंजिने असत. २०१३ च्या जानेवारीत नासाच्या मार्शल केंद्रात जपून ठेवलेल्या एका एफ-१ इंजिनातला वायुजनित्र, म्हणजे इंधनपंप फिरवणारा तप्त वायू तयार करणारा भाग, तरुण अभियंत्यांनी काढून पुन्हा चालवून पाहिला. त्यासाठी त्यांना इंजिन सुटे करून, त्याचे भाग मोजून, ते कसे बनवले असेल हे नव्याने समजून घ्यावे लागले. आराखडे होते, परंतु जोडणी करताना कारागिरांनी हाताने केलेल्या बारीकसारीक दुरुस्त्या आणि सांधे जुळवण्याच्या युक्त्या आराखड्यांत नव्हत्या. त्या त्या माणसांबरोबर गेल्या होत्या.

याच्या उलट बाजूला व्हॉयेजर-१ आहे. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये निघालेल्या या यानाने १४ नोव्हेंबर २०२३ पासून निरर्थक संकेत पाठवायला सुरुवात केली. त्याच्या एका संगणकातील स्मृतीची एक चिप निकामी झाली होती. तिच्यातल्या आज्ञावलीचे तुकडे करून ते स्मृतीत इतरत्र बसवावे लागले. यान इतके दूर होते की आज्ञा पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच तास लागत. एप्रिल २०२४ मध्ये यानाने पुन्हा आपल्या प्रकृतीची सुसंगत माहिती पाठवली. हे काम करणाऱ्यांना कित्येक दशकांपूर्वीची कागदपत्रे उघडून बसावे लागले, आणि ती लिहिणाऱ्यांनी आजच्या बिघाडाची कल्पनाही केलेली नव्हती. त्यांच्यापैकी अनेकांची कारकीर्द केव्हाच संपली आहे, पण त्यांच्या कागदांचा उपयोग अजून संपलेला नाही. तुम्ही विचारता की हाती काय लागले. या व्यवसायात हाती लागते ते बहुतांशी अशा स्वरूपाचे असते, आणि ते बोट ठेवून दाखवण्याजोगे नसते हे मी मान्य करतो.

आता प्रस्तावांकडे वळतो. व्यवस्थापकपदाबद्दल थोडक्यात सांगतो : आज घेऊ नका. ते काम हलके आहे असे मुळीच नाही. चांगला व्यवस्थापक नसल्याने मोहिमा बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. परंतु ज्याने आपल्या गणिताचे उत्तर कक्षेतून परत आलेले पाहिलेले नाही, त्याला इतरांच्या गणितावर किती विसंबावे हे ठरवणे कठीण जाते, आणि आढावा बैठकीत तो एक तर सगळ्यांना अडवतो किंवा सगळ्यांना सोडून देतो. हे पद पुन्हा समोर येईल, आणि पंचेचाळिशीत ते तुम्ही अधिक चांगले सांभाळाल.

खरी निवड नवी कंपनी आणि दूरची मोहीम यांच्यात आहे, आणि माझा कौल सध्या तरी कंपनीकडे आहे. छोट्या उपग्रहांच्या मालिकेत तुमचे औष्णिक मॉडेल, निर्वात कक्षातील चाचणी आणि कक्षेतली प्रत्यक्ष तापमाने ही तिन्ही एकाच वर्षात शेजारी ठेवून पाहता येतात. दोन पृष्ठभागांच्या सांध्यातून उष्णता किती वाहते, हा आपल्या विषयातला सर्वांत अविश्वसनीय आकडा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. तो एकदा धरून आयुष्यभर तसाच वापरणारे अभियंतेही मी पाहिले आहेत, आणि पाच उपग्रहांत पाच वेळा चुकून अखेर त्याचा अंदाज हातात बसलेलेही पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारचे अभियंते मला अधिक विश्वासार्ह वाटतात.

उत्तर लवकर परत येणे म्हणजे काय, याचे स्पेसएक्स या तेव्हा नव्या असलेल्या खासगी कंपनीचा फाल्कन-१ अग्निबाण हे चांगले उदाहरण आहे. या अग्निबाणाची पहिली तीन उड्डाणे फसली. तिसऱ्या उड्डाणात, ऑगस्ट २००८ च्या आरंभी, टप्पे वेगळे झाल्यानंतर पहिल्या टप्प्याच्या इंजिनात थोडासा जोर शिल्लक राहिला आणि तो टप्पा मागून येऊन दुसऱ्यावर आदळला. तो उरलेला जोर इतका अल्प होता की जमिनीवरच्या चाचणीत, सभोवतालच्या हवेच्या दाबापुढे, तो दिसलाच नव्हता; निर्वातात मात्र तो पुरेसा ठरला. इंजिन बंद होणे आणि टप्पे सुटणे यांमधला अवधी वाढवून साधारण आठ आठवड्यांत, २८ सप्टेंबर २००८ रोजी, चौथे उड्डाण झाले आणि ते कक्षेत पोहोचले. ज्यांनी तो अवधी पहिल्यांदा ठरवला होता, त्यांना आपल्या निर्णयाचे उत्तर दोन महिन्यांच्या आत दोनदा मिळाले. तुमच्या १४ वर्षांत असे एकदाही घडलेले नाही.

मात्र प्रत्येक नवी कंपनी अशी शिकणारी असतेच असे नाही. वेगाच्या नावाखाली चाचण्या कापणाऱ्या आणि कक्षेतली माहिती कुणीच न पाहणाऱ्या कंपन्याही असतात, आणि तिथे पाच वर्षांत पंचवीस उपग्रह करूनही माणूस होता तिथेच राहतो. म्हणून होकार देण्यापूर्वी त्यांना नेमके प्रश्न विचारा. कक्षेतल्या उपग्रहांची तापमाने रचना करणाऱ्या अभियंत्याला स्वतः पाहता येतात का, की त्यासाठी दरवेळी अर्ज करावा लागतो? मागच्या बिघाडाचा अहवाल कुणी लिहिला, आणि तो लिहिणारी व्यक्ती आज त्याच पदावर आहे का? निर्वात कक्षातली चाचणी वेळेअभावी वगळायची झाली तर तो निर्णय कोण घेते, आणि त्याखाली औष्णिक अभियंत्याची सही लागते का? उत्तरे देताना समोरचा माणूस प्रत्यक्ष प्रसंग सांगू लागला तर ते शुभचिन्ह समजा. तो केवळ धोरणे सांगत राहिला तर दूरच्या मोहिमेकडे वळा.

त्या मोहिमेबद्दल मला जराही कमी आदर नाही, आणि तुमच्या पत्राचा सूर पाहता मन तिकडेच ओढ घेते आहे हेही मला दिसते. पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला सुमारे १,३६० वॉट ऊन मिळते, गुरूपाशी जेमतेम ५० वॉट. शिवाय वेग मिळवण्यासाठी यानाला आधी शुक्राजवळून जावे लागले, तर तिथे पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट ऊन सोसावे लागते. युरोपीय अंतराळ संस्थेच्या ज्यूस यानाला शुक्राजवळून जाताना आपला मोठा अँटेना छत्रीसारखा सूर्याकडे धरावा लागला. औष्णिक अभियंत्याला याहून सुंदर कोडे मिळणे अवघड आहे. परंतु ज्यूसची कालरेषाही पाहा : २०१२ मध्ये निवड, १४ एप्रिल २०२३ रोजी उड्डाण आणि जुलै २०३१ मध्ये गुरूपाशी आगमन अपेक्षित. निवडीपासून आगमनापर्यंत सलग एकाच जागी राहणारे अभियंते थोडे असतात. एडवर्ड स्टोन हे व्हॉयेजरचे प्रकल्प-वैज्ञानिक म्हणून १९७२ पासून २०२२ पर्यंत राहिले, पण अशी पन्नास वर्षे नियम म्हणून कुणी धरू नयेत. बहुतेक जण रचनेच्या काळात येतात आणि जातात, किंवा प्रवासाच्या काळात येतात.

आणि हे प्रवासाच्या काळात येणारे लोक मोहिमेला किती हवे असतात, हे बाहेर फारसे ठाऊक नसते. कॅसिनी यान ह्युजेन्स या कुपीला घेऊन १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघाले. कुपी शनीच्या टायटन या चंद्रावर उतरताना तिचे संदेश कॅसिनीने झेलायचे होते. २००० साली, म्हणजे यान वाटेत असताना, युरोपीय अंतराळ संस्थेतील अभियंता बोरिस स्मेड्स यांनी आग्रह धरला की हे संदेश झेलणाऱ्या कॅसिनीवरच्या ग्राहकयंत्राची चाचणी साध्या संकेतावर न थांबता, दोन्ही यानांच्या सापेक्ष वेगामुळे खऱ्या संदेशात जो बदल होईल, तो धरून करावी. उड्डाणापूर्वी अशी संपूर्ण चाचणी झालेली नव्हती. ती पृथ्वीवरून करून पाहिल्यावर कळले की बदललेल्या गतीने येणारी माहिती ग्राहकयंत्राला वाचता येणार नाही आणि बहुतेक माहिती वाया जाईल. यंत्र दुरुस्त करणे शक्य नव्हते, म्हणून कॅसिनीचा मार्गच असा बदलला की त्याचा कुपीच्या संदर्भातला वेग कमी राहील. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स उतरली आणि टायटनच्या पृष्ठभागाची चित्रे आली. त्या चित्रांचे श्रेय उड्डाणानंतर तीन वर्षांनी विचारलेल्या एका प्रश्नाला आहे.

जपानचे अकात्सुकी यान तर तुमच्याच विषयाशी जोडलेले आहे. डिसेंबर २०१० मध्ये मुख्य इंजिन बिघडल्याने ते शुक्राच्या कक्षेत शिरू शकले नाही आणि पाच वर्षे सूर्याभोवती फिरत राहिले, तेही मूळ योजनेपेक्षा सूर्याच्या अधिक जवळून, रचनेत न धरलेल्या उन्हात. ७ डिसेंबर २०१५ रोजी दिशा सांभाळणाऱ्या छोट्या थ्रस्टरांवर त्याला शुक्राच्या कक्षेत आणले गेले. त्या पाच वर्षांत ज्यांनी त्याची तापमाने रोज पाहिली, त्यांनी ते यान घडवणाऱ्यांइतकेच काम केले असे मी मानतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. कंपनीची उत्तरे समाधानकारक असतील तर चार-पाच वर्षांसाठी तिथे जा, आणि जाताना दूरच्या मोहिमेच्या चमूला स्पष्ट सांगून ठेवा की यान निघाल्यानंतर किंवा निघण्याच्या सुमारास तुम्हाला परत यायचे आहे. त्या वेळी तुमच्याकडे मॉडेल आणि कक्षेतली प्रत्यक्ष तापमाने यांच्या पडताळ्याचा असा अनुभव असेल, जो संपूर्ण वेळ एकाच मोठ्या मोहिमेवर घालवलेल्या माणसाकडे नसतो. तुम्ही मधली वर्षे कंपनीत घालवलीत तरी यान तुमच्या पंचावन्नाव्या वर्षीच पोहोचेल, आणि तुम्ही तिथे असाल. उलट मोहिमेकडून आज असे ठरवून मिळत असेल की रचनेनंतर संचालनातही तुमची जागा राहील, तर माझा कौल बदलेल; मात्र ते कागदावर असावे, केवळ बोलण्यात नसावे.

दीर्घ कारकिर्दीविषयी आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगणे मला कर्तव्य वाटते. या क्षेत्रात तीस वर्षे राहिलात तर एकदा तरी अशी वेळ येईल की सगळे ‘हो’ म्हणत असतील आणि तुमच्याकडचे आकडे ‘नाही’ म्हणत असतील. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर या अंतराळवीरांना नेणाऱ्या यानाच्या बूस्टरवर, म्हणजे उड्डाणाला जोर देणाऱ्या अग्निबाणांवर, काम करणाऱ्या अभियंत्यांनी थंडीत बूस्टरच्या सांध्यांतल्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत म्हणून उड्डाण थांबवावे असा सल्ला दिला. तो डावलला गेला आणि दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. त्या रात्री ॲलन मॅकडोनाल्ड यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला होता. चौकशीत त्यांनी जे घडले ते सांगितले आणि त्यांना पदावरून बाजूला केले गेले. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या दबावामुळे त्यांना परत आणले गेले आणि त्याच बूस्टरच्या सांध्यांची नवी रचना करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचे सहकारी रॉजर बॉइजोली यांनी जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. त्यांना मात्र त्या नोकरीत राहणे शक्य झाले नाही. ‘नाही’ म्हटल्यावर आपले भलेच होईल, असे मी तुम्हाला सांगणार नाही. परंतु तो नकार आयत्या वेळी सुचत नाही. त्याच्यामागे आधीची कित्येक वर्षे लिहून ठेवलेले आकडे, तारखा आणि कारणे लागतात. शिवाय घरात काही महिन्यांच्या खर्चाची तरतूद असेल तर नकार देणे थोडे सोपे होते. मोहिमा रद्द होतात, कंपन्या बंद पडतात. ही तरतूद तुम्ही कोणताही रस्ता धरलात तरी करा, आणि घरच्यांना या क्षेत्राचा हा स्वभाव आधीच समजावून सांगा.

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी, शक्य तर याच आठवड्यात, उपग्रहाच्या संचालन विभागाला विनंती करून चार वर्षांची तापमाने मागवा. पांढरा रंग आणि इतर आवरणे अतिनील किरणांनी हळूहळू काळवंडतात आणि अधिक ऊन शोषू लागतात. त्यामुळे पहिल्या वर्षापेक्षा चौथ्या वर्षी रेडिएटर किती तापतो, याचा एक अंदाज तुम्ही उड्डाणापूर्वी मांडला असेल. तो आलेख काढा, त्यावर खरी तापमाने ठेवा, आणि दोन्ही जिथे वेगळी होतात तिथे वेगळी का होतात याचे एक पान लिहून संस्थेच्या दप्तरात तुमच्या नावाने जमा करा. सुरुवात बॅटरीपासून करा; सावलीतून बाहेर येतानाचे तिचे तापमान सर्वांत आधी पाहा.